नळी, गोळी आणि मामांचा नेम

आमचे आजोळ खानापूर तालुक्यातले, जंगलाच्या कडेचे. माजघरात शिरले की उजव्या हाताच्या भिंतीवर दोन खुंट्या होत्या आणि त्यांच्यावर आडवी ठेवलेली एक ठासणीची बंदूक. लांबलचक, काळी, दस्ता तेलाने तुकतुकीत झालेला. परवान्यावर तिचे नाव 'एस.बी.एम.एल.' असे होते. म्हणजे एका नळीची, तोंडाकडून ठासायची. मामा तिला नुसते 'ती' म्हणत. निवडणूक आली की 'ती' पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागला की परत यायची. "सासरी गेली होती, आली," असे मामी म्हणायच्या.

साल १९६८. मी बारा वर्षांचा होतो. भात कापणीला आले होते आणि रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. मामांबरोबर माळ्यावर जागलीला जायचा हट्ट मी धरला आणि तो पुरवला गेला. चांदणे होते. उत्तररात्री रानाच्या बाजूने एक मोठे डुक्कर शेतात उतरले. आमच्यापासून फार तर ऐंशी पावले. मामांनी श्वास रोखून, अगदी सावकाश नेम धरला. बार झाला, धूर झाला. गोळी डुकराला लागली नाही. बिथरलेले जनावर वळले ते थेट बांधावर. तिथे शेजारचे तात्या कंदील घेऊन उभे होते. सुळ्याने त्यांची मांडी फाटली. पहाटे बैलगाडीत घालून त्यांना बेळगावला नेले. पाय वाचला, पण तात्या जन्मभर लंगडत चालले.

मामांना कुणी बोल लावला नाही. त्यांनीच तो लावून घेतला. "हात हलला रे माझा," एवढेच ते म्हणत. त्या वर्षापासून सुगी झाली की तात्यांच्या घरी तांदळाची दोन पोती जाऊ लागली. मामा गेले त्या वर्षापर्यंत ती जात होती.

पुढे मी इतिहासाचा मास्तर झालो. हायस्कुलात तीस वर्षे सत्तावन्नचा उठाव शिकवला. फळ्यावर 'चरबी लावलेली काडतुसे' हे कारण क्रमांक अमुक म्हणून लिहिले, मुलांनी ते पाठ केले, परीक्षेत उतरवले, गुण मिळवले. त्या काडतुसाचा आणि माजघरातल्या बंदुकीचा काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

तो जुळला तो निवृत्तीनंतर, आजोळच्या जत्रेच्या दिवशी. माझा एक जुना विद्यार्थी बरोबर आला होता. त्याचे उद्यमबागेत लेथचे छोटे वर्कशॉप आहे. या मंडळींच्या पिशवीत व्हर्निअर असतोच. परवाना आता मामेभावाच्या नावावर होता. त्याने बंदूक उतरवून, रिकामी असल्याची खात्री करून पुढ्यात ठेवली. घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर मुकुट, 'टॉवर' हा शब्द आणि एक साल. सालातला शेवटचा आकडा झिजलेला. १८५ एवढेच दिसत होते. नळी दस्त्याला तीन पट्ट्यांनी बांधलेली.

"ही तर एनफिल्ड," मी म्हणालो. पुस्तकातल्या चित्रात पाहिलेली हुबेहूब हीच.

विद्यार्थ्याने बॅटरीचा उजेड नळीत टाकून पाहिले, मग व्हर्निअर लावला. "सर, एनफिल्डचं माप किती सांगायचात तुम्ही वर्गात?"

"इंचाचे .५७७. म्हणजे साडेचौदा मिलिमीटरच्या थोडे वर."

"मग ही ती नव्हे. हे साडेसोळाच्याही वर जातंय. आणि आत आटे नाहीत. साफ गुळगुळीत हाय बघा नळी."

बाहेरून एनफिल्ड आणि आतून दुसरेच काही. नळीचे तोंड दोन मिलिमीटरने मोठे आणि आटे गायब. त्या दोन मिलिमीटरचा इतिहास हा या लेखाचा विषय आहे.

तोंडाकडून ठासायच्या बंदुकीची मूळ अडचण सोपी आहे. गोळी वरून आत जायची असेल तर ती नळीपेक्षा लहान हवी. पण लहान असली की तिच्या कडेने दारूचा वायू निसटतो आणि गोळी नळीच्या भिंतींवर आपटत, कशीही बाहेर पडते. इंग्रजांच्या जुन्या चकमकीच्या बंदुकीची नळी सुमारे पाऊण इंचाची आणि तिची गोल गोळी इंचाचे .६९ च्या आसपास. मधली फट दीड मिलिमीटरची. शंभर वारांच्या पुढे एकट्या माणसावर नेम धरण्यात अर्थ नसे. म्हणून तर पलटणी खांद्याला खांदा लावून उभ्या राहत आणि एकदम बार काढीत. नेमाची उणीव संख्येने भरून काढायची.

नळीला आतून मळसूत्रासारखे आटे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते, हे कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण गोळी आट्यांत घट्ट बसली पाहिजे, आणि घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठासणे म्हणजे कसरत. इंग्रजांच्या बेकर रायफलीत (तिची नळी .६२५ इंचाची) गोळीभोवती तेलकट चामड्याची चकती गुंडाळून ती आत रेटावी लागे. निवडक नेमबाजांना ते परवडे, सबंध पलटणीला नाही.

ही गाठ १८४९ साली मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने सोडवली. त्याची गोळी लांबुळकी आणि बुडाशी पोकळ. आत जाताना सैल, म्हणून सहज जाई. बार होताच वायूच्या दाबाने तिचे बूड फुलून आट्यांत घट्ट बसे. इंग्रजांनी ती उचलली, पण १८५१ च्या त्यांच्या रायफलीची नळी .७०२ इंचाची होती आणि गोळी तब्बल ६८० ग्रेनची. शिपायाच्या कमरेला अशा साठ गोळ्या म्हणजे ओझेच. तेव्हा नळी बारीक करायचे ठरले. १८५३ ची एनफिल्ड जन्मली ती अशी. नळी .५७७, गोळी ५३० ग्रेन, म्हणजे सुमारे चौतीस ग्रॅम. साठ गोळ्यांमागे अर्ध्या किलोहून अधिक वजन वाचले आणि जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीपेक्षा मारा कित्येक पटींनी लांबला.

नळी बारीक झाली की गोळीही तिच्याच मापाची हवी. एनफिल्डची पहिली गोळी .५६८ इंचाची होती. नळी आणि गोळी यांतली फट आता पाव मिलिमीटरहून कमी. ही फट भरायला कागद होता. काडतूस म्हणजे कागदाची पुरचुंडी; तिच्यात दारू आणि गोळी दोन्ही. शिपायाने टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, पुरचुंडी उलटी करून गोळी तिच्या कागदासकट आत सरकवायची आणि गजाने ठासायची. इतक्या अरुंद फटीतून कागदासह गोळी जायची, तीही आधीच्या बारांच्या काजळीने आत थर धरलेला असताना, तर त्या कागदाला वंगण हवेच. म्हणून चरबी.

हे मी वर्गात कधीच सांगितले नव्हते. चरबी हा कुणा माथेफिरूचा खोडसाळपणा नव्हता. नळी बारीक केल्याचा तो परिणाम होता. जुन्या रुंद नळीत गोळी सैल पडे, तिला चरबीची गरजच नव्हती. ती कुठल्या जनावराची असावी, हे ठरवताना मात्र ज्याच्या दाताखाली ती येणार त्याला कुणी विचारले नाही. दोष होता तो इथे.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे कुजबूज सुरू झाली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी गोळी झाडली. ८ एप्रिलला त्यांना फाशी झाली. २४ एप्रिलला मीरतच्या परेडवर तिसऱ्या घोडदळाच्या नव्वद स्वारांपैकी पंच्याऐंशी जणांनी काडतूस हाती घ्यायला नकार दिला. त्यांची काडतुसे तर नव्या एनफिल्डची नव्हती, जुनीच होती. पण विश्वास एकदा उडाला की जुने-नवे कोण पाहतो?

याच आठवड्यात तिकडे विलायतेत दुसरीच एक गोष्ट घडत होती. मँचेस्टरचे जोसेफ व्हिटवर्थ हे नाव आमच्या उद्यमबागेतल्या टर्नरांना नवे नाही; नटबोल्टच्या आट्यांचे १८४१ चे प्रमाण त्यांचेच. इंचाचा दशलक्षांश भाग मोजणारे यंत्र त्यांनी घडवले होते. १८५४ मध्ये सरसेनापती लॉर्ड हार्डिंज यांनी (पूर्वी हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते तेच) एनफिल्डची नळी सुधारण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. व्हिटवर्थ बंदूकवाले नव्हते, मापवाले होते. त्यांनी आपल्या घराजवळ ५०० वार लांबीचा झाकलेला मार्ग बांधला आणि वेगवेगळ्या नळ्या, वेगवेगळ्या गोळ्या तपासल्या.

त्यांचे उत्तर असे. गोळीचे वजन तेच ठेवा, ५३० ग्रेन, नळी मात्र.४५१ इंचावर आणा. तेवढेच शिसे बारीक नळीत बसवायचे म्हणजे गोळी लांब होणार, तिला हवेचा अडथळा कमी होणार. पण लांब गोळी डगमगते, म्हणून तिला जास्त फिरवा. एनफिल्डच्या नळीत गोळी ७८ इंचांत एक फेरा घेई. व्हिटवर्थच्या नळीत २० इंचांत एक. आणि आट्यांऐवजी सबंध नळीच आतून षटकोनी. गोळीही तशीच षटकोनी, नळीत बोल्टासारखी बसणारी. नळी आणि गोळी वेगवेगळ्या नाहीतच, ती एका मापाची जोडी आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हाइथच्या सरकारी चाचणीत ५०० वारांवर एनफिल्डच्या गोळ्या मध्यबिंदूपासून सरासरी सव्वादोन फूट भरकटल्या. व्हिटवर्थच्या साडेचार इंच. लंडनच्या 'टाइम्स'ने या विजयाची बातमी छापली ती २३ एप्रिल १८५७ रोजी. मीरतच्या त्या परेडच्या आदल्या दिवशी. एका देशात नळी आणखी बारीक करण्याचा आनंद, दुसऱ्या देशात आधीच्या बारीक नळीने पेटवलेला वणवा. दोन्हीकडे राज्य एकच.

व्हिटवर्थची रायफल इंग्रजांच्या सैन्याने मात्र सरसकट घेतली नाही. बारीक नळी काजळीने लवकर भरे आणि किंमत सुमारे चौपट. १८६० च्या जुलैत विंबल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने चारशे वारांवरून पहिला बार काढला तो तिचाच; पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांनी ती वापरली. रायफल मागे पडली, पण माप टिकले. १८७१ मध्ये मागून भरायची मार्टिनी-हेन्री आली तेव्हा तिचा व्यास .४५ इंच होता.

आता इकडे परत येऊ. उठावाची झळ आपल्या भागालाही लागली होती. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात सत्ताविसावी पलटण उठली. त्याच वर्षी जनतेची हत्यारे काढून घेण्याचा कायदा झाला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी नोव्हेंबरात हत्यारे द्यायला नकार दिला. गाव जाळले गेले आणि माणसे फासावर गेली. पुढच्या वर्षी नरगुंदचे भास्करराव भावे उठले. १२ जून १८५८ रोजी त्यांना फाशी दिली गेली ती आमच्या बेळगावात.

उठाव मोडल्यावर फौजेची नवी घडी बसवण्यासाठी पील आयोग नेमला गेला. मुंबई आणि मद्रासकडे तीन देशी शिपायांमागे एक गोरा, बंगालकडे दोघांमागे एक, असे प्रमाण त्याने सुचवले. काही पहाडी तोफखाने सोडले तर तोफा देशी लोकांच्या हातून गेल्या. राहिला प्रश्न बंदुकीचा. शिपायाला बंदूक तर द्यायलाच हवी, पण ती गोऱ्या शिपायाच्या तोडीची नको.

उत्तर नळीतच सापडले. एनफिल्डचाच साचा घेतला. तीच लांबी, तेच तीन पट्टे, तोच घोडा, तीच संगीन. फक्त नळी आतून तासून आटे काढून टाकले आणि व्यास .५७७ वरून .६५६ इंचावर नेला. नेम धरायची शेकडो वारांच्या खुणांची पट्टी काढून तिच्या जागी एक ठोकळा बसवला. तासलेल्या नळीची भिंत फार पातळ होते असे दिसून आले, तेव्हा जाड नळीचा वेगळा नमुना निघाला. परेडवर उभी पलटण लांबून पाहिली तर गोऱ्याच्या आणि काळ्याच्या खांद्यावर एकच बंदूक. गोळी सुटली की कळे, एक १८५३ ची आहे आणि दुसरी शंभर वर्षे जुनी.

गोऱ्यांच्या एनफिल्डची गोळीही बदलली, पण उलट्या हेतूने. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात काजळी वाळून .५६८ ची गोळी नळीत अडकू लागली. तेव्हा ती .५५० इंचावर आणली आणि बुडाशी लाकडी गुटखी घातली, म्हणजे बार होताच ती फुलून आट्यांत बसेल. एका बंदुकीची गोळी नळीला आणखी नीट जुळावी म्हणून एवढा खटाटोप, आणि दुसरीची जुळूच नये म्हणूनही तितकाच.

हे धोरण पुढेही चालले. गोऱ्यांच्या हाती १८६६ नंतर मागून भरायची स्नायडर आली तेव्हा देशी पलटणी तोंडाकडून ठाशीत होत्या. त्यांना स्नायडर मिळाली तोवर गोऱ्यांकडे मार्टिनी पोचली होती. १९१४ मध्ये हिंदी फौज फ्रान्समध्ये मार्सेय बंदरावर उतरली तेव्हा तिच्याकडच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या दिल्या गेल्या. समोर जर्मन होते, आता शिपायाचा नेम लागायला हवा होता.

मोडीत निघालेल्या ठासणीच्या लष्करी बंदुका कधी पोलिसांकडे, कधी संस्थानांकडे, कधी लिलावात जात राहिल्या. त्यांतली एक कोणत्या वाटेने आमच्या आजोळी आली ते घरात कुणाला आठवत नाही. मामांचे आजोबा तिला 'सरकारी' म्हणत, एवढेच.

तर १९६८ च्या त्या रात्री मामांच्या हातात काय होते? दृष्टी ठरवायला पट्टी नाही, नुसता ठोकळा. नळीत आटे नाहीत. साच्यात ओतलेली घरची गोल गोळी, तिच्याभोवती धोतराची चिंधी. ऐंशी पावले, चांदण्याचा उजेड, हलते जनावर. हात हललाही असेल. मी शेजारीच होतो, मला तरी तो हललेला दिसला नाही. पण न हललेल्या हातालाही त्या नळीने साथ दिली असती याची खात्री नाही. ज्यांनी ती तासली त्यांना तशी खात्री नकोच होती. त्यांच्या मनात बंडखोर शिपाई होता. शंभरावर वर्षांनी खानापूरच्या शेतात भात राखणारा माणूस त्यांच्या हिशेबात कुठून असणार? पण कुणाला दुबळे करायला केलेली वस्तू हेतू संपला म्हणून संपत नाही. ती हातोहात फिरत राहते, आणि जो ती हाती धरतो तो आपल्याच हाताला दोष देत बसतो.

हे सगळे मला मामांना सांगायचे होते. ते राहून गेले. म्हणून त्या जत्रेच्या संध्याकाळी तात्यांच्या ओसरीवर गेलो. तात्या आता पंच्याऐंशीच्या पुढचे. कानाला कमी, बाकी खणखणीत. त्यांना नळीचे माप, आटे, सत्तावन्न साल, सगळे मोठ्या आवाजात सांगितले. शेवटी म्हणालो, "तात्या, मामांचा नेम चुकला नव्हता. बंदूकच तशी केलेली होती."

तात्या मांडीवरून हात फिरवत बसले होते. म्हणाले, "त्येंचा नेम मला नवा हाय व्हय? गोफणीनं आंबा पाडायचा माणूस त्यो. मला त्याच राती ठावं हुतं."

"मग तांदूळ का घेत राहिलात इतकी वर्षं?"

"न्हाई म्हटलो असतो तर त्येला झोप आली नसती," तात्या म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगितले.

मागच्या वर्षी मामेभावाने परवाना सोडला. बंदूक कायमची जमा करायला मी बरोबर गेलो होतो. हवालदारांनी वहीत ओळ लिहिली: ठासणीची बंदूक, एक नळी, एक नग. माप लिहायला रकाना नव्हता.